दस्तगीर मास्तरनं शिवलेलं कपाट

आमच्या घरातला टीव्ही वाकडा आहे. घरात येणारा माणूस चप्पल काढायच्या आधी मला तेच सांगतो. गॅसवाला सांगतो, केबलवाला सांगतो, मीटर बघायला येणारी पोरगी सांगते. "आजोबा, टीव्ही डावीकडं कललाय बघा." मी म्हणतो, कलू दे. कुणी जास्त शहाणपणा करून हात लावायला गेला तर मी त्याचं मनगट धरतो. वय झालंय माझं, पण हात हमालाचा आहे.

टीव्हीखालचं ते कपाट दस्तगीर मास्तरनं केलं. तो सुतार नव्हता. टेलर होता. जन्मात त्यानं केलेली लाकडाची ही एकच वस्तू. मास्तर आता नाही. जिच्यासाठी केली ती माझी बायको शेवंता, तीही नाही. कपाट आहे आणि मी आहे.

मास्तरचं दुकान सोलापुरात, विजापूर वेशीत होतं. बोळासारखं अरुंद. पुढं मशीन, मागं कापड कापायचं सागवानी टेबल. टेबल एवढं मोठं की मास्तर भिंतीला पाठ घासत आत जायचा. अंगानं तो काठीसारखा, उंच, पुढं जरा वाकलेला. गळ्यात टेप कायम. लग्नाच्या पंगतीतसुद्धा टेप गळ्यात. फक्त मशिदीत जाताना काढून खिशात ठेवायचा. शर्टाचा खिसा खडूनं पांढरा झालेला. तोंडात टाचण्या धरून बोलायचा, म्हणून त्याचं निम्मं बोलणं नवीन गिऱ्हाइकाला कळत नसे. शेवंताला सगळं कळायचं.

माणसाच्या तोंडाकडं तो बघतच नसे. आधी खांदे बघायचा, मग पाठ, मग पाय. नाव विचारलं तर सांगता यायचं नाही, पण "तो नाय का, उजवा हात जरा लांब असलेला," म्हणून बरोबर माणूस सांगायचा. कुणाला वाकडा, लंगडा, पोक आलेला असं म्हणायचा नाही. म्हणायचा, "त्याची तऱ्हा वेगळी आहे."

आणि एक वाक्य त्याचं ठरलेलं. "ट्रायल झाल्याशिवाय काही खरं नाय." कपड्यापुरतं नाही, सगळ्यालाच. एकदा मी विचारलं, "मास्तर, पोरीचा संसार कसा चाललाय?" तर म्हणाला, "कच्च्या टाक्यावर आहे अजून." निवडून आलेल्या माणसाची मिरवणूक दुकानावरनं गेली की मशीन थांबवून म्हणायचा, "बघू. ट्रायल बाकी आहे."

मी त्याच्याकडं पहिल्यांदा गेलो तो शेवंतानं ढकलत नेलं म्हणून. मी मंद्रूपचा. तरणा असताना सोलापुरात आलो आणि मार्केटात कांद्याची पोती उचलायला लागलो. पोतं डाव्या खांद्यावर घ्यायची सवय. काही वर्षांत डावा खांदा खाली गेला. त्यानंतर कुठलाही शर्ट घातला की एका बाजूला लोंबायचा, खुंटीवर घाईत टांगल्यागत. टेलर लोक म्हणायचे, "सरळ उभं राहा." मी सरळच उभा असायचो.

मी नाव सांगितलं, ज्ञानू. मास्तरनं माझ्याभोवती एक चक्कर मारली. म्हणाला, "ज्ञानू, असा नक्को. पोतं टाकून दम खायला उभा राहतोस ना, तसा राहा."

मी तसा राहिलो. त्यानं दोन्ही खांद्यांची वेगवेगळी मापं घेतली आणि शर्टाची डावी बाजू खाली कापली. टेबलावर पसरलेला बघितला तेव्हा मला वाटलं, कापड वाया घालवलं. अंगात घातला तर आरशात दोन्ही खांदे सारखे. शेवंता दारात उभी होती. म्हणाली, "मास्तर, माणूस बदलून दिला का काय? माजा कुटं ठेवला?"

मास्तरनं टाचण्या हातावर घेतल्या. "शेवंताबाई, माणूस तोच आहे. मी फक्त कापडाला समजावलं."

उरलेल्या कापडाचा तुकडा त्यानं गुंडाळून माझ्या हातात दिला. हाही त्याचा नेम. बोटाएवढी चिंधी उरली तरी परत. "उरलेलं गिऱ्हाइकाचं." कुणी विसरून गेला तर मशीन सोडून वेशीपर्यंत मागं पळायचा.

त्या दिवसापासून शेवंता त्याच्याकडचं हातकाम घरी आणायला लागली. काजं, बटणं, तुरपाई. घरातली भांडी झाली की उंबऱ्यात बसायची आणि दिवस मावळेपर्यंत सुई चालायची. काम द्यायला गेली की दोघांचं भांडण ठरलेलं.

"मास्तर, दोरा कुजका दिलाय. भर रस्त्यात माणसं नागवी करता का?"

"दोरा नाय कुजका, बाई. तुमचा हात राक्षसाचा आहे."

"राक्षसाचा हाय म्हनून तुमची बटनं टिकत्यात."

"हौ, ते खरं."

पौष लागला की बाराबंद्यांचं काम यायचं. गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात. ते उंच, जड ध्वज पेलणारी माणसं पांढरीधोट बाराबंदी घालतात. तिला बटणं नसतात. कापडाच्या बंदांनी बांधायची. मास्तर कापायचा, शिवायचा. बंद करायचे आणि टाकायचे शेवंतानं. ध्वज पेलताना माणूस सगळ्या अंगानं ताणला जातो, बंद तुटून चालत नाही. ती एकेक बंद दोन्ही हातांनी ओढून बघायची, मगच घडी घालायची.

मिरवणुकीच्या दिवशी आम्ही तिघं सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभे राहायचो, दरसाल एकाच दुकानाच्या पायरीवर. लोक नंदीध्वजाला हात जोडायचे. ही दोघंही जोडायची, पण डोळे बाराबंद्यांवर. "ह्यो आपला," शेवंता म्हणायची. "त्यो बी आपला. मास्तर, त्या मागच्याच्या काखंत चुनी पडलीय बघा." मास्तर टाचा उंचावून बघायचा. "तो आपला नाय." मग दोघं खूश. मी भुईमुगाच्या शेंगा खात उभा असायचो.

अशी लई वर्षं गेली. मग एका श्रावणात शेवंता चुलीपुढं बसल्या जागी कलंडली. डावं अंग गेलं. दवाखान्यातनं घरी आणली तेव्हा जीभ जड झाली होती आणि मान डाव्या खांद्यावर पडलेली. मान सरळ करायला गेलं की तिच्या डोळ्यांतनं पाणी यायचं. उजवा हात तेवढा राहिला. तोंडातनं एखादा शब्द यायचा, तोही ओढून काढल्यागत.

मी हमाली सोडली. तिचं सगळं मी करायला लागलो. मास्तर दर शुक्रवारी नमाज झाली की यायचा, कॉटच्या पायथ्याशी बसायचा आणि दुकानातल्या गोष्टी सांगायचा. कोण जाड झाला, कोण वाळला. ती ऐकायची.

दिवाळीला पोरगा पुण्याहून आला. सुरेश. आईला करमावं म्हणून पातळ, मोठा टीव्ही घेऊन आला. भिंतीत टांगायला ड्रिल मारलं तर मूठभर भोक पडलं आणि माती खाली. आमची भिंत जुनी, आत नुसती पांढरी माती. खिळासुद्धा धरत नाही. मग त्यानं ज्वारीच्या कोठीवर ट्रंक ठेवली, ट्रंकेवर टीव्ही ठेवला आणि सुट्टी संपली म्हणून गेला.

टीव्ही लावला की शेवंता डोळे मिटायची. मला वाटलं, झोप लागते. बरं आहे, झोपू दे.

शुक्रवारी मास्तर आला, बघितलं आणि म्हणाला, "झोपली नाय रे ती. एवढ्या वर बघायचं, मान अशी पडलेली. दुखतं तिला, म्हणून मिटते."

शेवंतानं डोळे उघडले. "ग..." म्हणाली. थांबली. ओठ ओढून परत म्हणाली, "गड्डा."

तिनं एकही जत्रा चुकवली नव्हती. सुरेशच्या वेळी दिवस भरत आले असताना पायरीवर उभी होती. आता कॉटसकट तर नेता येणार नव्हतं. पण गावातला केबलवाला मिरवणूक दाखवतो. तिला दिसायला पाहिजे एवढंच होतं, आणि तेच होत नव्हतं. मी शेजारचं टेबल आणून बघितलं, स्टूल आणून बघितलं. बाजारातल्या सगळ्या वस्तू उभ्या-बसल्या माणसाच्या मापाच्या. पडलेल्या माणसाचं माप कुणी घेतलेलंच नसतं.

मास्तर दुसऱ्या दिवशी दुकानातला लाकडी गज घेऊन आला. कापडावर रेघ मारायचा, लांब पट्टीसारखा. कॉटच्या समोरच्या भिंतीला तो उभा धरला.

"शेवंताबाई, गज सरळ दिसतो का?"

तिनं उजवा हात हलवला. नाही.

त्यानं जरा डावीकडं कलवला. "आता?"

नाही.

अजून कलवला. मला तर गज पडायला आल्यागत दिसत होता. तिनं बोट उचललं. "बस," म्हणाली.

मास्तरनं खिशातला खडू काढला आणि गजाच्या कडेनं भिंतीवर रेघ मारली. तिरकी. मग तिच्या डोळ्यापासनं भिंतीपर्यंत टेप धरली, जमिनीपासनं उंची धरली आणि मोठ्यानं मापं म्हटली, दुकानात म्हणायचा तशी. लिहून घेणारं कुणी नव्हतं.

"ज्ञानू, ही रेघ म्हणजे तिचं सरळ. टीव्ही असा बसला पाहिजे."

आमच्या गल्लीत नागनाथ सुतार राहतो. हाताचा चांगला माणूस. त्याला बोलावलं. त्यानं रेघ बघितली, आमच्या दोघांकडं बघितलं.

"एक पाय आखूड करू? म्हनजे जानूनबुजून वाकडं?"

"हौ."

"न्हाय मास्तर. तुमी म्हनाल तसलं कपाट करून देतो, पर गुण्यात, काटकोनात. वाकडं काम माज्या हातनं होनार न्हाय. उद्या लोक म्हनतील, नागूला म्हातारपनात दिसंना झालं."

"कापडाला जमतं ते लाकडाला कायकू जमत नाय?"

"मग तुमीच शिवा की!"

नागनाथ चेष्टेनं म्हणाला. मास्तरनं ते खरं धरलं. "करवत देशील का?"

"देतो. बोटं मोजून ठेवा आदी."

तिथनं ते सुरू झालं. मास्तर म्हणायचा, "लाकूड म्हणजे काय, जाड कापड." पहिल्यांदा नागनाथकडनं प्लायवूडचा एक तक्ता आणला. कापायच्या आधी काय करावं त्यानं? गल्लीतल्या धुण्याच्या हौदात बुडवून ठेवला. नवं कापड पाण्यातनं काढल्याशिवाय कात्री लावायची नाही, शिवल्यावर आटतं, हे त्याच्या हाडात बसलेलं. मीही हमाल, मला काय कळतंय. मीच वर दगड ठेवले, तक्ता तरंगत होता म्हणून.

सकाळी बघतो तर तक्त्याची भाकरी झालेली. पापुद्रे सुटून फुगलेले. मास्तर एक पापुद्रा उचलून बघतो, खाली ठेवतो, दुसरा उचलतो. नागनाथ आला आणि हौदाच्या कडेवर बसून जे हसायला लागला ते त्याला उठता येईना. "अहो मास्तर, इस्त्री तरी करा आता!" बाया जमल्या. त्याही हसायला लागल्या.

मी घरात येऊन शेवंताला सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या तोंडाची उजवी बाजू हलली, घशातनं आवाज आला. मी घाबरलो. मास्तर मागं दारात होता. तो म्हणाला, "अरे हसतीये ती." श्रावणापासनं पहिल्यांदा हसली. मास्तर तिथंच खाली बसला, हातात तो ओला पापुद्रा. "वसूल झालं," म्हणाला.

त्यानंतर चार-दोन दिवस तो आलाच नाही. मग एका दुपारी हातगाडी घेऊन आला. गाडीवर जाड फळ्या, कडेला चार दांडके. मी उतरवायला हात लावला आणि थांबलो. फळीवर कात्रीचे ओरखडे होते, सगळीकडं. भेगांत खडू बसलेला, निळा, पांढरा, गुलाबी.

"मास्तर, हे तुझं टेबल आहे."

"होतं."

"आणि दुकान?"

"माणसं तयार कपडे घेतात रे ज्ञानू. मी बसून काय माश्यांची मापं घेऊ? या साली बाराबंद्या कापून झाल्या. त्या घरी बसून शिवतो." मग करवतीला बोट लावून बघत म्हणाला, "सागवान आहे. पाण्यात घालणार नाय, भिऊ नको."

आमच्या अंगणात काम चाललं. आधी त्यानं जुन्या पेपराचं कपाट केलं. खरंच, पेपर कापून, टाचण्या लावून अख्खं कपाट उभं केलं, ते वाऱ्यानं दोनदा उडालं. मग पेपर फळीवर ठेवून खडूनं आखलं आणि सगळ्या बाजूंनी मार्जिन सोडून कापलं. त्यामुळं फळ्या एकमेकींना भिडल्या की कडा बाहेर निघायच्या.

नागनाथ रोज संध्याकाळी बघायला यायचा. "हे काय, शेपूट ठेवलंय?"

"मार्जिन आहे. पोरानं उद्या मोठा टीव्ही आणला तर उसवून मोठं करता येईल."

"लाकूड उसवत न्हाय मास्तर."

"तुझं नसेल उसवत."

खिळे तो तोंडात धरायचा, टाचण्यांसारखे. हातोडी बोटावर बसली की खिळे तोंडात असल्यामुळं ओरडता यायचं नाही, नुसते डोळे मोठे व्हायचे. आधी सगळं सुतळीनं बांधून उभं करायचा, त्याला म्हणायचा कच्चा टाका. खोलीत आणून शेवंतापुढं ठेवायचा. ट्रायल. ती बोटानं सांगायची, खाली, वर, आणखी इकडं. तो परत अंगणात नेऊन सुतळी सोडायचा. सागवान ते. मी पोती उचलली आयुष्यभर, पण त्या कपाटानं मला दमवलं. एकदा मी चिडून म्हणालो, "एवढं काय? दोन बोटं इकडंतिकडं झालं तर काय बिघडतंय?"

मास्तर माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुझ्या शर्टात दोन बोटंच होती."

मी कपाटाची माझी बाजू परत उचलली.

नागनाथला शेवटी राहवलं नाही. एका संध्याकाळी त्यानं मास्तरच्या हातातनं हातोडी घेतली आणि सांधे पक्के करून दिले. "आतनं मी धरतो. भायेरनं तुमचं काय ते तुमी करा. माजं नाव सांगू नका कुनाला."

एक अडचण राहिली. तिरक्या फळीवर टीव्ही घसरायचा. मास्तर विचार करत बसला. मग घरी जाऊन बाराबंदीचं उरलेलं पांढरं कापड घेऊन आला. "बंद लावू."

पट्टी दुमडून त्यानं दोन्ही हातांत ताणून धरली आणि कॉटजवळ वाकला. सुईत दोरा ओवला आणि सुई शेवंताच्या उजव्या हातात दिली. तो धरणार, ती टाका घालणार. पहिला टाका भलतीकडंच गेला. दुसरा मास्तरच्या बोटात. तो हलला नाही. तिनं सुई काढली, परत घातली. एक बंद व्हायला अख्खी दुपार गेली. तिच्या कपाळावर घाम. मी म्हणालो, बास आता. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी बाहेर जाऊन बसलो. आतनं मास्तरचा आवाज येत होता. "दोरा कुजका आहे का बघा, शेवंताबाई." आणि मग तिचा, ओढत, तुटत. "हा... य."

जत्रेच्या आदल्या दिवशी कपाट जागेवर बसलं. शेवटच्या ट्रायलला मास्तरनं डावा पाय करवतीनं थोडा कापला. खाली पडलेला तुकडा खिशात टाकला. टीव्ही ठेवला, बंदांनी मागनं बांधला. तिनं उजवा हात पुढं केला. मास्तरनं बंदाचं टोक तिच्या हातात दिलं. तिनं ओढून बघितलं. सोडलं.

मिरवणुकीच्या दिवशी मास्तर पायरीवर गेला नाही. सकाळीच आमच्याकडं आला, धुतलेला शर्ट घालून. मी शेंगा भाजल्या होत्या. टीव्ही लावला. हलग्या, सनई, माणसंच माणसं, आणि त्यांच्या डोक्यावर नंदीध्वज. मला ते सगळे कललेले दिसत होते, आत्ता पडतील असे. मी शेवंताकडं बघितलं. तिचे डोळे उघडे होते. तिला ते सरळ दिसत होते. तिनं हात कपाळाला लावला.

मग बाराबंदीवाले जवळनं दाखवायला लागले. तिचं बोट उठलं.

"आप... ला."

"हौ. आपला," मास्तर म्हणाला.

"आपला."

"तोही आपला."

एक जण आला, गळा नीट बसलेला नव्हता. तिचं बोट तसंच थांबलं. ओठ गोळा केले. "न्हाय," म्हणाली. एकदम साफ. आजारी पडायच्या आधी म्हणायची तशी.

मास्तर हसला आणि टेपच्या टोकानं डोळे पुसले. शेंगा कुणीच खाल्ल्या नाहीत. मिरवणूक संपेपर्यंत तिनं एकदाही डोळे मिटले नाहीत.

होळीच्या आधी ती गेली. सकाळी चहा पाजायला उठवली तर उठली नाही.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. सुरेशनं टीव्ही बघितला आणि वीट फोडून एक तुकडा कपाटाच्या डाव्या पायाखाली सारला. "आता कशाला वाकडा ठेवायचा, बाबा?" म्हणाला. पोरगं वाईट नाही. त्याला नीटनेटकं लागतं. तो पुण्याला गेला त्या दिवशी मी तो विटेचा तुकडा काढला आणि गटारीत टाकला.

काही दिवसांनी मास्तर आला. खिशातनं चिंधीत गुंडाळलेली पुडी काढली. सोडली. आत पायाचा कापलेला तुकडा होता.

"हा तुझा. उरलेलं गिऱ्हाइकाचं." कपाटाच्या डाव्या पायाकडं बोट केलं. "लावायचा असेल तर आत्ता लावून देतो. उंचीही वाढवता येईल. मार्जिन आहे."

"नको."

"तुला बघायला त्रास होईल."

"होऊ दे."

त्यानं तुकडा देवळीत ठेवला आणि कॉटच्या पायथ्याशी बसला, शुक्रवारी बसायचा तिथं. कॉट रिकामी होती. दुकानातल्या गोष्टी सांगायला दुकान नव्हतं. चहा प्यालो आणि तो गेला.

आता मीच त्या कॉटवर झोपतो. पहिले काही दिवस मानेत चमक भरायची. मग मान आपोआप पडायला लागली, डाव्या खांद्यावर. खांदा आधीच खाली असल्यामुळं मला सोपं गेलं.

मास्तरची नजर त्या वर्षात कमी होत गेली. पुढच्या पौषात बाराबंद्या शिवायला जमलं नाही. त्याची पोरगी विजापूरला असते, ती न्यायला येणार होती. जायच्या आधी तो मिरवणुकीच्या दिवशी माझ्याकडं आला. गळ्यात टेप होतीच. कशाला, ते मी विचारलं नाही. आम्ही टीव्ही लावला. त्याला फारसं दिसत नव्हतं. तो मला विचारायचा, "हा आपला का?" मला ओळखू येत नसे. मी म्हणायचो, "आपलाच." तो मान हलवायचा. त्याला माहीत होतं, या साली एकही आपला नाही.

पावसाळ्यात मास्तर तिकडं विजापुरातच वारला. मार्केटात कांदा घेऊन आलेल्या एका विजापूरच्या ट्रकवाल्यानं सांगितलं. मी सहज बसायला गेलो होतो. उठून घरी आलो.

मला मास्तर म्हटलं की तो त्या मिरवणुकीच्या दिवशीचा, माझ्याकडनं जायला निघालेला आठवतो. दारापर्यंत गेला, चप्पल घातली आणि परत वळला. चप्पल काढली, आत आला. भिंतीपाशी गेला आणि हातानं चाचपून ती खडूची रेघ शोधायला लागला. वर्षभरात ती पुसट झाली होती, कपाटाशेजारी टेकून बसताना माझीच पाठ घासून. मी बोट धरून त्याचा हात रेघेवर ठेवला. त्यानं खिशातनं खडू काढला. गज नव्हता. दुकानाबरोबर तोही कुणाला तरी देऊन टाकला होता. मी म्हणालो, "थांब, पट्टी देतो."

"नक्को," म्हणाला.

आणि त्यानं मान डाव्या खांद्यावर टाकली, पार टाकली, शेवंतासारखी, आणि खालनं वर एका दमात रेघ ओढली. मग तसाच, मान कललेली ठेवून, मागं सरकून बघत राहिला.

"बस," म्हणाला.